कलर मशीन राहू दे, आधी लीगल कागद घेणारं बघ

«मावशी, मी वाळपईची, वय २७. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं पणजीला एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळले. रोजच्या बसच्या फेऱ्यांनी जीव मेटाकुटीला आला, म्हणून नोकरी सोडली. मामाची बाजारात दहा बाय बाराची खोली रिकामी आहे, मामलेदार कचेरी तिथून पाच मिनिटांच्या चालीवर. तिथे झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान घालायचं मनात आहे. हातात ३ लाख आहेत, त्यातला १ लाख आईचा. एका विक्रेत्याने ए-थ्री कलर मशीन, रिफर्बिश केलेलं, १ लाख ९० हजारांना सांगितलंय. दुसऱ्याने नवं ब्लॅक अँड व्हाइट ए-थ्री ८८ हजारांना. बाबा म्हणतात, १५ हजारांचा टँकवाला प्रिंटर घे आणि सुरू कर. मैत्रीण म्हणते, आता सगळं मोबाइलवर, झेरॉक्स काढायला येणार कोण? काय घेऊ तेच कळेना. – तुमच्या लेकीसारखी, एक वाचक»

लेकीसारखी म्हणालीस, म्हणून मीही तुला एकेरीच हाक मारते. फोंड्यात तिस्कावर मी २१ वर्षं हेच दुकान चालवलं, त्यामुळे तुझं पत्र वाचताना माझा पहिला पावसाळा डोळ्यांसमोर उभा राहिला.

उत्तर आधीच देऊन टाकते. ८८ हजारांचं नवं ब्लॅक अँड व्हाइट मशीन घे, आणि त्याच्या शेजारी बाबा म्हणतात तो टँकवाला प्रिंटर ठेव. १ लाख ९० हजारांचं कलर मशीन घेऊ नकोस. पण ८८ हजारांचे पैसे देण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घे. ते मशीन लीगल कागद सगळीकडून घेतं का? आणि जुलैत ते बंद पडलं, तर वाळपईला कोण येणार, किती वेळात येणार? या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर ते मशीनही तिथेच राहू दे.

आता लीगलचं का म्हणते ते सांगते. तुझं दुकान मामलेदार कचेरीजवळ. तिथे येणारा माणूस काय घेऊन येईल? जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यासाठी शाळेचे जुने कागद, प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपरवरचा करार, विक्रीखत. आपल्या सत्तरी तालुक्यात तर आल्वारा आणि मोकासो या जुन्या जमीनहक्कांचे कागद घराघरांत आहेत. यातले निम्मे कागद ए-फोरमध्ये बसत नाहीत. ए-फोरची लांबी २९७ मिलिमीटर, लीगलची ३५६. बाबा म्हणतात त्या छोट्या प्रिंटरची काच ए-फोरचीच असते. त्यावर लीगल करारपत्र ठेवलंस की खालचे सहा सेंटिमीटर बाहेर लोंबतात, आणि सही-शिक्का नेमका तिथेच असतो! गिऱ्हाईक कचेरीच्या खिडकीवर जातं, कारकून ती प्रत परत करतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तुझ्या दारात येत नाही. ए-थ्री, म्हणजे ए-फोरच्या दुप्पट कागद घेणारं मशीन घ्यायचं ते ए-थ्रीच्या प्रती काढायला नव्हे. त्या तुझ्याकडे दिवसाला चार-पाच निघतील. मोठी काच हवी ती लीगल कागदासाठी, रेशनकार्ड उघडं पसरून ठेवण्यासाठी, जाड वहीची दोन पानं एकदम घेण्यासाठी.

त्यातही एक मेख आहे. बाजारात लीगल म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रीमची लांबी ३४५ मिलिमीटर असते. मशीनला लीगल सांगितलं आणि ट्रेमध्ये हा कागद भरला, की कागद अडकतो नाहीतर शेवटची ओळ कापली जाते. रीमवरचं माप वाचून ट्रेचे कान त्याप्रमाणे सरकवायचे आणि मशीनच्या सेटिंगमध्ये तेच माप घालायचं. हे एवढंसं कोणी सांगत नाही, मी दोन महिने कागद ओढून काढत बसले होते.

‘सगळीकडून’ म्हणते ते असं. काचेवरून लीगल घेतलं पाहिजे, वरच्या फीडरमधून घेतलं पाहिजे, ट्रेमध्ये मावलं पाहिजे आणि बाजूच्या बायपासमधूनही, म्हणजे एकेक कागद हाताने सरकवायच्या फळीतूनही, गेलं पाहिजे. फीडर, म्हणजे गठ्ठ्यातले कागद एकेक करून आपोआप आत ओढणारा एडीएफ, किमतीत धरलाय की वेगळा, तेही विचार. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा फीडर आणि डुप्लेक्स (कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायची सोय) वेगळे विकत घ्यावे लागतात, नेटवर्कची जोडणीसुद्धा. कोटेशनवर हे तिन्ही शब्द लिहून घे. आणि आधारची पुढची-मागची बाजू एकाच पानावर घेणारी आयडी कार्ड कॉपी एका बटनावर होते का, की पाच वेळा मेनूत शिरावं लागतं, हे स्वतः करून बघ. दिवसातून पन्नास वेळा तुला तेच करायचं आहे.

फीडरवरून आठवलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. दुकानाच्या तिसऱ्या वर्षी एक आजोबा पोर्तुगीज काळातलं दस्तऐवज घेऊन आले. हाताने लिहिलेलं, कडेला दोऱ्याने शिवलेलं, पानं सुपारीच्या विरीसारखी कडक आणि पिवळी. माझ्याकडे नवीन मुलगा होता. घाई होती, रांग होती. त्याने दोरा सोडवला आणि पानं फीडरमध्ये घातली. तिसरं पान आत गेलं आणि चुरलं. आजोबा काही बोलले नाहीत, तुकडे रुमालात गोळा केले. त्या पानावर त्यांच्या आजोबांची सही होती. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून माझ्या दुकानात नियम होता. जुना कागद काचेवरच, झाकण हळू टेकवायचं, शिवण सोडवायची नाही. आणि जुन्या कागदाला लॅमिनेशन कधीच नाही, गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी. गरम रोलरमधून एकदा प्लास्टिक चिकटलं की ते निघत नाही, कागद मात्र आत काळवंडत जातो. जन्मदाखला, मार्कशीट, विक्रीखत यांच्या मूळ प्रतीचंही तेच. लॅमिनेट करायची ती रंगीत प्रत.

आता कलरचं. विक्रेता म्हणतो तसं कलर लागतं, हे खरं. पण किती? शाळेचा प्रोजेक्ट, वाढदिवसाचा फोटो, आधारची रंगीत प्रत, एखादं प्रमाणपत्र. दिवसाला वीस-तीस पानं. तेवढ्यासाठी चार रंगांचे टोनर म्हणजे छपाईची पूड, ती कागदाकडे नेणारे चार ड्रम, शिवाय ट्रान्सफर बेल्ट एवढं सगळं सांभाळायचं. रंगीत मशीनवर काळी प्रत काढली तरी ते महागात पडतं, आणि जुन्या मशीनचा बेल्ट संपला की त्याचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. तुझं वीस-तीस पानांचं काम टँकवाला प्रिंटर आरामात करेल. त्याची शाई स्वस्त, बाटलीने भरायची. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेव. त्यातली रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, तेव्हा पावसात रंगीत प्रत प्लास्टिकच्या कव्हरशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात देऊ नकोस. काम नसलं तरी आठवड्यातून एक-दोन रंगीत पानं काढ, नाहीतर नोझल सुकतं. आणि वाया गेलेली शाई टिपणारं पॅड आत असतं, ते भरलं की प्रिंटर अडून बसतो. ते बदलता येणारं आहे का, घेतानाच विचार. सहा रंगांचा फोटोवाला प्रिंटर वर्षभराने घे, तोवर फोटोची किती गिऱ्हाइकं परत गेली याची नोंद ठेव.

पीव्हीसी कार्ड छापायचा मोह होईल, आधार पीव्हीसीवर छापून दे म्हणून लोक मागेही लागतील. नाही म्हण. बाजारात छापलेल्या पीव्हीसी आधारला आपला पाठिंबा नाही, त्यात सुरक्षेच्या खुणा नसतात, असं आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ठरावीक शुल्क भरलं की कार्ड पोस्टाने घरी येतं. ती मागणी नोंदवून देण्याचं काम तू कर, त्याचे दहा-वीस रुपये घे.

तुझ्या पत्रात पावसाचा एक शब्दही नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. गोव्यात पावसाचे मोठे आकडे वाळपईचे असतात, हे तुला मी सांगायला नको. आणि झेरॉक्स हे मुळातच कोरडं काम. या शब्दाच्या मुळाशी ‘झेरोस’ हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थच कोरडा. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली पहिली प्रत काढली ती शाईशिवाय, स्थिर विजेच्या जोरावर. आजच्या मशीनमध्येही तेच चालतं. ड्रमवर विजेचा भार चढतो, उजेडाने त्यावर अक्षरांचा ठसा उमटतो, त्या ठशावर टोनरची पूड चिकटते, मग कागदाला भार देऊन ती पूड कागदावर ओढली जाते आणि फ्यूजरच्या उष्णतेने वितळून बसते. कागद ओला असला की त्याच्यावरचा भार टिकत नाही, पूड अर्धवट उतरते, अक्षरं मध्येच फिकट पडतात. पुढे फ्यूजरमध्ये त्याच ओलीची वाफ होते, कागद वळतो आणि जॅम. जुलैत मशीन बिघडलं असं वाटतं तेव्हा दहातल्या सहा वेळा मशीन ठणठणीत असतं, कागद ओला असतो. हे ओळखायला शिकलीस की मेकॅनिकच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

ओळखायचं कसं? एक कागद हातात धरून फडफडव. कोरडा कागद खडखड वाजतो, ओला कागद नुसताच हलतो, आवाज देत नाही. जीभ न लावता बोटाने दोन कागद सुटे होत नसतील तर समज. रीमचं वेष्टन ओल अडवण्यासाठीच असतं, ते लागेल तेव्हाच फोड. रीम जमिनीवर नको, भिंतीला टेकूनही नको, फळीवर ठेव. संध्याकाळी ट्रेमधला उरलेला कागद काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घाल आणि सकाळी परत भर. भरण्याआधी रीम दोन्ही बाजूंनी फुलवायची, रीमच्या वेष्टनावर बाण असेल तर ती बाजू आधी छापायची. बऱ्याच ए-थ्री मशीनना ट्रेखाली बसणारा छोटा हीटर मिळतो, कागद कोरडा ठेवणारा. विक्रेते तो आपणहून सांगत नाहीत, कारण कोरड्या मुलखात तो कोणी मागत नाही. तू माग. लागेल तेवढे पैसे दे, त्यात काटकसर करू नकोस.

काही मशीनमध्ये अमॉर्फस सिलिकॉनचा ड्रम असतो. तो फार टिकतो, विक्रेता त्याचं कौतुक करेल आणि ते खरंच आहे. पण दमट हवेत सकाळी पहिल्या काही प्रतींवर अक्षरं फुटल्यासारखी, पसरल्यासारखी दिसतात. अशा मशीनच्या मेनूत ड्रम रिफ्रेशचा पर्याय असतो. तो कसा चालवायचा ते मशीन बसवायला येणाऱ्या मुलाकडून पहिल्याच दिवशी शिकून घे आणि कागदावर लिहून मशीनला चिकटव.

मुंग्या, झुरळं आणि पाली यांचंही बघ. मशीन रात्री उबदार असतं, त्यांना तेच हवं असतं. एक पाल बोर्डावर गेली की दोघांचाही शेवट. रात्री सुती कापडाचं झाकण घाल, प्लास्टिकचं नको, त्याच्या आत घाम धरतो.

वीज. लेझर मशीनचा, म्हणजे त्या ८८ हजारांवाल्याचा, फ्यूजर तापताना हजार-दीड हजार वॉट ओढतो. घरातल्या इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर ते लावलंस तर यूपीएस जाईल. मामाच्या खोलीत सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग करून घे, मशीनच्या ताकदीचा स्टॅबिलायझर लाव. मेच्या शेवटी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. इंटरनेटची वायरसुद्धा काढ. टँकवाल्या प्रिंटरला मात्र एखाद्या छोट्या दिव्याएवढीच वीज पुरते. तो आणि लॅपटॉप साध्या इन्व्हर्टरवर चालतात. म्हणून बाबांचा प्रिंटर घ्यायला सांगते. वीज गेली आणि समोरचं दुकान अंधारात बसलं, तरी तुझ्याकडून निदान फॉर्म छापून मिळेल.

आता मेकॅनिकचं. माझं दुसरं मशीन मी एका विक्रेत्याकडून घेतलं ते पंधरा हजारांनी स्वस्त होतं म्हणून. त्या मॉडेलचे सुटे भाग गोव्यात कोणी ठेवतच नव्हतं, हे मला जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं. फ्यूजरची फिल्म फाटली. भाग मुंबईहून यायचा होता. शाळा-कॉलेजांचे प्रवेश चाललेले, पोरं-आईबाप फायली छातीशी धरून उभे, आणि मी अकरा दिवस ‘मशीन बंद आहे’ म्हणत बसले. विक्रेता पहिले दोन दिवस फोन उचलत होता, मग तोही थांबला. समोरच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकांतली निम्मी तिथेच राहिली. वाचवलेल्या पंधरा हजारांच्या कितीतरी पट त्या एका जूनमध्ये गेले.

म्हणून तू असं कर. वाळपई, होंडा, साखळी, डिचोली इथल्या पाच-सहा दुकानांत जा. तुझ्या दारात न येणाऱ्या गिऱ्हाइकांची दुकानं निवड, म्हणजे ते मोकळेपणाने बोलतील. मशीन कुठलं, याच्याआधी विचार, ‘मशीन अडलं की कोणाला फोन करता?’ एकच नाव तीन ठिकाणी आलं, तर तो माणूस ज्या कंपनीची मशीनं बघतो, ती कंपनी तुझी. कॅनन, रिको, क्योसेरा, कोनिका मिनोल्टा सगळ्यांची मशीनं चांगली आहेत, पण पणजीहून वाळपई पन्नासेक किलोमीटर, आणि पावसात तिथून येणारा माणूस तुझ्यासाठी दिवस मोडेलच असं नाही. फ्यूजर, ड्रम, क्लीनिंग ब्लेड, पिकअप रोलर हे चार भाग त्याच्याकडे तयार असतात का, ते विचार. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करताना त्यात भाग धरलेत की नुसती फेरी, हे लिहून घे. प्रत-मागे पैसे घेऊन टोनर-भाग-दुरुस्ती सगळं पाहणारा करारही मिळतो. तुझ्यासारख्या पहिल्या वर्षाच्या दुकानाला तो बरा, फक्त महिन्याला किमान किती प्रतींचे पैसे द्यावेच लागतील तो आकडा बघ.

रिफर्बिश घेऊच नये असं मी म्हणणार नाही. माझं सगळ्यात जास्त टिकलेलं मशीन सेकंडहँडच होतं. पण ते घेतलं तेव्हा मला मशीन वाचता येत होतं. तुला अजून यायचं आहे. तरीही कधी बघायला गेलीस तर आजवर किती प्रती निघाल्या ते सांगणारा काउंटरचा रिपोर्ट छापून माग. सलग दोनशे प्रती काढायला लाव, दोन्ही बाजूंनी, फीडरमधून. शेवटच्या प्रतीवरचं काळं अक्षर अंगठ्याने जोरात घास. अंगठा काळा झाला तर फ्यूजर गेलेला आहे. संपूर्ण काळं पान आणि संपूर्ण कोरं पान काढ. कोऱ्यावर बारीक उभी रेघ दिसली तर ड्रमवर किंवा ब्लेडवर चरा आहे. पक्कं बिल नसेल तर उठून ये. आणि मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती पुसून माग, आधीच्या मालकाच्या गिऱ्हाइकांचे कागद तिच्यात असू शकतात.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कागदावरून कागद काढणं कमी झालंय. पण मोबाइलमधून कागदावर काढणं वाढलंय, कारण खिडकीवर अजून कागदच लागतो. त्यामुळे कॉम्प्युटरवर हात आखडू नकोस. एसएसडीवाला, आठ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप पुरे, पण स्क्रीन गिऱ्हाईकाकडे वळवता आली पाहिजे. नाव बरोबर आहे ना, हे त्याने छापण्याआधी वाचावं. मराठी आणि कोकणी टायपिंग युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिकून घे. अर्ज, जत्रेची पत्रकं, चवथीच्या आरत्या, भजनी मंडळाची पदं हे काम वाळपईत कमी पडणार नाही. नाटकवाली मंडळी जत्रेच्या नाटकाच्या तालमीआधी संहितेच्या दहा-बारा प्रती मागतील. लेखकाची परवानगी आहे का, एवढं विचारायला लाजू नकोस. पाठ्यपुस्तक अख्खं काढून द्यायचं नाही, आणि नोटेची प्रत गंमत म्हणूनही नाही.

लोक व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतील. दुकानाचा नंबर वेगळा घे, आणि रोज शटर ओढण्याआधी त्यातल्या आणि कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली पुसून टाक. खराब निघालेल्या प्रती रद्दीत घालू नकोस. एकदा बसस्टँडवर मिरची भजी घेतली, खाऊन झाल्यावर कागद उलगडला तर तेलाच्या डागाखाली एका बाईच्या उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, सगळं स्पष्ट. माझ्या दुकानाची नव्हती, पण असू शकली असती, कारण मीही रद्दी विकत होते. दुसऱ्याच दिवशी हाताने फिरवायचा श्रेडर आणला. तू पहिल्याच दिवसापासून ठेव.

पैशांचा हिशेब तुला अकाउंट्सवालीला काय सांगायचा, तरी माझ्या पद्धतीने मांडते. रीम ३०० रुपयांना धर, म्हणजे कागद ६० पैसे. टोनर, ड्रम, रोलर, दुरुस्ती मिळून ४० पैसे धर. टोनरच्या डब्यावर लिहिलेला प्रतींचा आकडा पानाचा ५-६ टक्के भाग काळा धरून काढलेला असतो, आणि आधारवरचा फोटो, काळपट जुना दाखला त्याहून कितीतरी जास्त टोनर खातो. म्हणून डब्यावरच्या आकड्यावर हिशेब करू नकोस. दर २ रुपये लावलास तर प्रतीमागे १ रुपया सुटतो. दिवसाला ३०० प्रती, महिन्याचे २५ दिवस, झाले ७,५०० रुपये. त्यातून वीजबिल आणि मामाला जे काही द्यायचं ते. नुसत्या झेरॉक्सवर पोट भरत नाही, हे तुला आजच माहीत असावं. प्रिंट, ऑनलाइन अर्ज, टायपिंग, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग यांत प्रत्येक कामामागे सुटणारा पैसा जास्त असतो. म्हणून ए-थ्री लॅमिनेटर, हाताने भोकं पाडायचं स्पायरल मशीन, कटर आणि जाड पिनांचा स्टेपलर पहिल्या दिवसापासून हवेत. चौघांचे मिळून अठरा हजार धर.

मग बेरीज बघ. मशीन ८८ हजार, टँकवाला १५, कॉम्प्युटर ३८, हे अठरा, वायरिंग-अर्थिंग-स्टॅबिलायझर १६, टेबल, फळ्या आणि पहिला कागद २०. एकूण १ लाख ९५ हजार. आईचा लाख शाबूत राहतो. तो तसाच बँकेत राहू दे. पहिला फ्यूजर जाईल तेव्हा, किंवा सहा महिने गिऱ्हाईक जमलं नाही तर, तो लागेल. कलर मशीन घेतलं असतंस तर त्याच्या एकट्याच्या किमतीतच जवळजवळ एवढे सगळे पैसे संपले असते.

कर्ज आज काढू नकोस. पुढे वाढवायचं झालं तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’ आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ असे गट आहेत, तारण लागत नाही. पणजीच्या ईडीसीकडे, म्हणजे आर्थिक विकास महामंडळाकडे, मुख्यमंत्री रोजगार योजनेची चौकशीही कर. नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी आणि विजेचं व्यापारी मीटर ही तीन कामं मशीन येण्याआधी उरक. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नकोस. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

मशीन बघायला जाशील तेव्हा विक्रेत्याचा गुळगुळीत नमुना कागद वापरू नकोस. घरून पिशवीत आणायचं ते असं: आईचं रेशनकार्ड, एक लीगल करारपत्र, तुझं आधार, कडा दुमडलेला एक जुना दाखला, आणि चार दिवस उघड्यावर ठेवलेले वीस कोरे कागद. हे सगळं तुझ्या हाताने त्या मशीनवर काढून बघ, त्याला करू देऊ नकोस. निघालेल्या प्रती आणि कोटेशन मला पाठवलंस तर ट्रेखालच्या हीटरचं आणि एएमसीचं काय लिहिलंय ते मी वाचून कळवते.